बाळाच्या पोटावरची वाट कधी बंद करायची?

 

आज आपण ज्या विषयावर बोलणार आहोत, तो गावात दाराआड बोलला जातो. काही बाळांना जन्मानंतर थोड्याच दिवसांत पोटावर ऑपरेशन करून शीसाठी वेगळी वाट करून द्यावी लागते. डॉक्टर त्याला स्टोमा म्हणतात. मोठ्या आतड्याचा असेल तर कोलोस्टोमी, लहान आतड्याचा असेल तर इलिओस्टोमी. आपण घरात सरळ 'पिशवी' म्हणतो, कारण त्या तोंडावर पिशवी चिकटवलेली असते.

बहुतेक बाळांची ही वाट कायमची नसते, पुढे ती बंद करतात. म्हणून बाळ घरी आलं की पहिला प्रश्न येतो, "कधी बंद करणार?" हा प्रश्न सासू विचारते, शेजारीण विचारते, अंगणवाडीताई विचारते. आणि उत्तर द्यायला उभी असते ती बाळाची आई. आमच्या गटांच्या कामात अशी घरं आम्ही जवळून बघितली. त्यातून आणि डॉक्टर-सिस्टरांनी समजावलं त्यातून आम्हाला जे कळलं, ते आज सांगतो.

आधी हे बघू, की अशी वाट करायची वेळ येते कशी.

पहिलं कारण, काही बाळांना जन्मतः शीची जागा नसते, किंवा असते ती चुकीच्या ठिकाणी उघडते. साधारण ५,००० जन्मांमागे एका बाळाला असं होतं. दुसरं कारण म्हणजे हर्शस्प्रंगचा आजार. यात आतड्याच्या शेवटच्या भागात शी पुढे ढकलणाऱ्या नसाच तयार झालेल्या नसतात. तो भाग आवळलेला राहतो आणि पोट फुगतं. हर्शस्प्रंग हे डेन्मार्कच्या डॉक्टरांचं नाव, त्यांनी १८८६ साली हा आजार मांडला. तिसरं कारण दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांचं. त्यांचं आतडं इतकं कोवळं असतं की कधी कधी त्याला सूज येऊन तुकडा खराब होतो, भोकही पडतं. खराब तुकडा काढतात आणि चांगलं टोक पोटावर आणून ठेवतात. आईचं दूध मिळालेल्या बाळांना हा तिसरा आजार कमी होतो. मुंबईच्या सायन रुग्णालयात १९८९ साली डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी मातृदुग्ध पेढी सुरू केली, ती आशियातली पहिली. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला आईचं दूध कमी पडलं तर दुसऱ्या आईचं तरी मिळावं, हा त्यामागचा विचार.

यात कुठेही आईचा दोष नाही. ग्रहणात बाहेर पडली, सुरीला हात लावला, पपई खाल्ली, यातल्या कशानेही बाळाची शीची जागा बंद होत नाही. हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण बाळाचं दुखणं आणि वर घरच्यांचे शब्द, असं दोन्ही ओझं घेऊन बसलेली बाई आम्ही पाहिली आहे.

आता मुख्य मुद्दा. दोन घरांची गोष्ट सांगतो. नावं, गावं सांगणार नाही.

पहिल्या घरातला मुलगा. जन्मला तेव्हा शीची जागाच नव्हती. दुसऱ्या दिवशी मुंबईला नेलं आणि पोटावर वाट केली. डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं, ऑपरेशनं तीन. पहिलं हे. दुसऱ्यात खाली शीची जागा तयार करायची. तिसऱ्यात पोटावरची वाट बंद करायची. दुसरं ऑपरेशन आज बहुतेक ठिकाणी ज्या पद्धतीने करतात, ती मेक्सिकोतल्या डॉ. अल्बर्टो पेन्या यांनी १९८० साली सुरू केली. पाठीमागून मधोमध चीर देऊन, स्नायू नीट बघून, त्यांच्या बरोबर मधून आतडं खाली आणायचं. मुलाचं हे ऑपरेशन चौथ्या महिन्यात झालं, छान झालं. आता राहिलं तिसरं. आजीने मनात धरलं, गौरी-गणपतीत घर पाहुण्यांनी भरतं, त्याआधी पिशवी गेली पाहिजे.

डॉक्टर म्हणाले, अजून नाही.

कारण असं. नवीन केलेली जागा जखमेसारखी आकसते. म्हणून ऑपरेशननंतर साधारण दोन आठवड्यांनी तिथे गुळगुळीत धातूची सळई घालून जागा मोकळी करायला सुरुवात करतात. आधी डॉक्टर करतात, मग आईला शिकवतात. बहुतेक ठिकाणी दिवसातून दोनदा, आणि जाडी हळूहळू वाढवत न्यायची. सळईवर नंबर असतो, तो तिची जाडी मिलिमीटरमध्ये सांगतो. चार महिन्यांपर्यंतच्या बाळाला साधारण १२ नंबर, पुढे वर्षापर्यंत १३-१४, वर्षानंतर १५, असा हिशेब बरेच डॉक्टर धरतात. या मुलाच्या घरी सळई घालताना तो रडायचा. शेजारणी म्हणाल्या, "अगो, कशाला छळतेस पोराला?" आईचा हात थांबला. दोन आठवड्यांत जागा परत आकसली आणि नंबर मागे गेला.

आता समजा, अशा वेळी सणासाठी पोटावरची वाट बंद केली असती, तर? सगळी शी खाली आली असती आणि दार अरुंद. शी तुंबली असती, पोट फुगलं असतं, आणि कदाचित पुन्हा पोटावर वाट करावी लागली असती. म्हणून डॉक्टरांनी थांबवलं. आईने सळई पुन्हा नेमाने सुरू केली. आमच्या गटातली एक ताई रोज संध्याकाळी तिच्याजवळ बसायला जायची, तेवढाच धीर. नंबर आला, आणि दसरा झाल्यावर वाट बंद झाली. आजीने देव्हाऱ्यात दिवा लावला, तो दिवाळीत.

दुसऱ्या घरातली मुलगी. दोन महिने आधी जन्मली, एवढीशी. आतडं सुजलं, तुकडा काढावा लागला, लहान आतड्याची वाट पोटावर आली. घरी सोडताना डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशनपासून साधारण तीन महिन्यांनी बंद करू. पण तिचं वजन वाढेना. दूध पीत होती, आई दर दोन तासांनी पाजत होती, तरी आठवड्याला काटा तिथंच. पिशवी दिवसातून कितीदा तरी भरायची, पाण्यासारखी. दोन महिनेही झाले नव्हते, तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता थांबायचं नाही, घेऊन या.

घरचे म्हणाले, तीन महिने सांगितले होते ना? एवढ्याशा जिवाला पुन्हा भूल? शिवाय जून लागलेला. गेटवेची लाँच बंद, लावणी तोंडावर, हातात पैसा नाही. दिवाळीनंतर बघू. आणि कुणी तोंडाने बोललं नाही, तरी एक गोष्ट घरात होती: मुलगी होती.

बघा मैत्रिणींनो, एका घरी डॉक्टर म्हणाले थांबा, दुसऱ्या घरी म्हणाले थांबू नका. गावात चर्चा झाली की डॉक्टर मनाला येईल ते सांगतात. पण नीट पाहिलं तर दोन्हीकडे विचार एकच होता. तारीख पंचांगातून निघत नाही, बाळाच्या अंगातून निघते. डॉक्टर ज्या गोष्टी तोलतात, त्या अशा.

पहिली गोष्ट: खालची वाट तयार आहे का? जागा नवीन केली असेल तर ती भरून आली का, पुरेशी मोकळी झाली का. हर्शस्प्रंग असेल तर खराब भाग काढून चांगलं आतडं खाली जोडलं गेलं का. आतडं सुजून ऑपरेशन झालं असेल, तर पुढच्या न वापरलेल्या आतड्यात कुठे अरुंद जागा तयार झाली आहे का. यासाठी खालच्या तोंडातून औषध सोडून एक्स-रे काढतात. आई म्हणते, पुन्हा फोटो कशाला? तर नळ सुरू करण्याआधी पाइप कुठे चेमटला नाही ना, हे बघायला.

दुसरी गोष्ट: पहिल्या ऑपरेशनला किती दिवस झाले? पोट उघडल्यावर आतडी एकमेकांना चिकटतात. पहिले काही आठवडे हे चिकटणं ओलं आणि रक्ताळलेलं असतं. तेव्हा पुन्हा हात घालायला गेलं तर आतडं फाटायची, रक्त जायची भीती. दिवस गेले की ते मऊ आणि सुटं होतं. म्हणून बरेच डॉक्टर निदान सहा ते आठ आठवडे थांबतात.

तिसरी गोष्ट: बाळाची ताकद. वजन किती, अंगात रक्त किती, छाती साफ आहे का. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचं वजन दोन किलोच्या वर, शक्य तर अडीचपर्यंत जावं, असं अनेक ठिकाणी बघतात. खोकला-ताप असेल तर भूल पुढे ढकलतात. शीची जागा नसलेल्या बाळांमध्ये हृदय, मूत्रपिंड, मणका यांचेही दोष कधी सोबत असतात, म्हणून त्या तपासण्याही होतात.

चौथी गोष्ट: थांबण्याची किंमत काय? ही गोष्ट घरात लक्षात येत नाही. मोठ्या आतड्याची वाट असेल तर शी बऱ्यापैकी घट्ट येते, बाळ वाढतं, थांबता येतं. लहान आतड्याची, त्यातही वरच्या भागाची असेल, तर अन्नरस आणि मीठ-पाणी अंगी लागायच्या आतच बाहेर जातं. त्या मुलीचं हेच झालं होतं. तिच्या लघवीची तपासणी केली, तर त्यात मीठ फारच कमी. म्हणजे शरीराकडे द्यायला मीठच उरलं नव्हतं. मीठ कमी पडलं की दूध कितीही पाजा, वजन धरत नाही. डॉक्टरांनी मोजून मिठाचं औषध दिलं, तरी गळती थांबेना. अशा बाळाचं वजन वाढायची वाट बघत बसलं, तर वजनच वाढत नाही, कारण ज्यामुळे वाढत नाही ती वाटच उघडी आहे. म्हणून लवकर बंद करणं हाच तिच्यासाठी उपचार होता. घरच्या घरी मात्र दुधात मीठ घालू नका, त्याने जीव जाऊ शकतो. हे मोजमाप डॉक्टरांचंच.

पाचवी गोष्ट: घर किती लांब? हे आपण आपणहून सांगायचं. श्रीवर्धनच्या टोकाला राहणाऱ्या बाळाला रात्री जुलाबासारखी पिशवी वाहू लागली, तर मोठं रुग्णालय गाठायला किती तास लागतात, वाटेत घाट आहे, खाडी आहे, पावसात दरड येते, हे मुंबईच्या डॉक्टरला आपण सांगितल्याशिवाय कसं कळणार? तेही ऐकून ते तारीख ठरवू शकतात.

एक खरी गोष्ट सांगतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळांची वाट नेमकी किती आठवड्यांनी बंद करावी, यावर जगातल्या सगळ्या सर्जनांचं एकमत नाही. कुणी लवकर म्हणतं, कुणी उशिरा. ब्रिटनमध्ये याच प्रश्नाचा अभ्यास झाला, आणि त्यात डॉक्टरांबरोबर पालकांनाही विचारलं गेलं. म्हणजे आईने प्रश्न विचारणं हा आगाऊपणा नाही. जिथे डॉक्टरही तोलून मापून ठरवतात, तिथे आईने पाहिलेलं फार कामाचं असतं.

आईने काय पाहायचं? एक वही करा. बचत गटाची वही ठेवतो तशीच. रोज पिशवी किती वेळा रिकामी केली, पातळ की घट्ट, लघवीचे लंगोट किती, दूध किती वेळा. आठवड्याला आशाताईकडे किंवा अंगणवाडीत वजन. आशाताई नवजात बाळाच्या घरी ठरलेल्या दिवशी येतेच: ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. बाळ रुग्णालयातून उशिरा घरी आलं तरी तिला कळवा. ही वही डॉक्टरपुढे ठेवली की तुमचं बोलणं नुसतं "बरं नाही वाटत" एवढं राहत नाही.

स्टोमा निरोगी असेल तर तोंडाच्या आतल्या भागासारखा लालसर-गुलाबी आणि ओला दिसतो. त्याला हात लावला तर दुखत नाही. पुसताना रक्ताचा एखादा ठिपका आला तर घाबरू नका. पण तो काळा-निळा पडला, फार बाहेर येऊन आत जाईना, पोट फुगलं आणि पिशवीत काहीच येईना, हिरवी उलटी झाली, शी पाण्यासारखी वाहू लागली, सहा-आठ तास लघवी नाही, टाळू खोल गेली, बाळ मलूल पडलं, तर सकाळची वाट बघू नका. १०८ ला फोन करा. आईचं दूध चालू ठेवा. बाळगुटी, जायफळ, ग्राइप वॉटर, वरचं पाणी, हे काही नको.

आता दुसऱ्या बाजूची चूक. काही घरांत घाई असते, तर काही घरांत विसर पडतो. बाळ खेळतंय, वाढतंय, पिशवीची सवय झाली, मग कोण जातंय परत मुंबईला? एक पावसाळा जातो, दोन जातात. पण वाट उघडी ठेवण्याचीही झीज आहे. भोवतालची कातडी सोलवटते, आतडं बाहेर घसरतं, खालचं न वापरलेलं आतडं आकसतं. पिशव्यांचा खर्च सुरूच राहतो. मूल अंगणवाडीत जायच्या वयाचं झालं की इतर मुलं नाक मुरडतात. तेव्हा डॉक्टरांनी दिलेली पुढची तारीख ही कर्जाच्या हप्त्यासारखी समजा. चुकली तर लगेच नवी घ्या. आणि मुलगी आहे म्हणून तारीख पुढे जात असेल, तर गटाने त्या घरी जाऊन बसायला हवं.

त्या दुसऱ्या घरी आमच्या बाया बसल्या होत्या. भांडायला नाही गेल्या. वजनाचा तक्ता सासऱ्यांपुढे ठेवला आणि म्हणाल्या, "दादा, तीन आठवड्यांत पोर शंभर ग्रॅमनेही वाढली नाही. दिवाळीपर्यंत काय राहील?" गटाने अंतर्गत कर्ज दिलं. मोठ्या मुलाला एका ताईने सांभाळलं. लावणीला दोघीजणी त्यांच्या शेतात उतरल्या. गाडी वडखळमार्गे पहाटे निघाली. ऑपरेशन झालं, चार दिवसांनी मुलीने खालून शी केली. आईने फोनवर तेवढं एकच वाक्य सांगितलं आणि रडायला लागली. पुढच्या महिन्यात काटा हलला.

वाट बंद झाली म्हणजे सगळं संपलं असं नाही. सुरुवातीला दिवसातून दहा-पंधरा वेळा शी होऊ शकते. खालच्या कातडीने कधी शी पाहिलेलीच नसते, त्यामुळे ती लाल होऊन सोलते. डॉक्टरांनी सांगितलेलं मलम पहिल्या दिवसापासून जाड थराने लावा, कोमट पाण्याने धुवा, घासू नका. सळई चालू असेल तर डॉक्टर सांगेपर्यंत बंद करू नका. पुढे काही मुलांना बद्धकोष्ठ राहतं, तेही दाखवत राहा. हर्शस्प्रंगच्या बाळाचं पोट फुगून ताप आणि घाण वासाचे जुलाब झाले, तर वाट बंद झाल्यावरही ते तातडीचं समजा.

पैशाचं आणि ठिकाणाचं. लहान मुलांचं ऑपरेशन लहान मुलांच्या सर्जनकडेच करावं. मुंबईत परळचं वाडिया रुग्णालय, केईएम, सायन आणि जे. जे. इथे हे विभाग आहेत. सायनच्या अधिष्ठाता राहिलेल्या आणि पुढे मुंबई विद्यापीठाच्या कुलगुरू झालेल्या डॉ. स्नेहलता देशमुख याच शाखेच्या, बालशल्यचिकित्सक होत्या. २ जुलै २०१२ रोजी राज्यात जीवनदायी योजना ज्या आठ जिल्ह्यांत पहिल्यांदा सुरू झाली, त्यात आपला रायगड होता. तीच आज महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, त्याला भरती होण्याआधी भेटा. रेशनकार्ड, आधार, बाळाचा जन्मदाखला सोबत ठेवा, आणि एकेक ऑपरेशन योजनेत बसतं का ते आधी विचारून घ्या. सरकारी रुग्णालयात एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळावर जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत उपचार मिळतात, वाहनाचीही सोय त्यात आहे. सुट्टी होताना सिस्टरांकडून पिशवी लावायला दोघांनी शिकून घ्या, एकट्या आईने नाही. पिशवी परवडत नसेल तर मऊ सुती कापड आणि मलम कसं वापरायचं, तेही त्या दाखवतात.

शेवटी, डॉक्टरांना विचारायचे सहा प्रश्न सांगतो. वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

बाळाची वाट लहान आतड्याची आहे की मोठ्या?
बंद करण्याआधी आणखी कोणतं ऑपरेशन किंवा तपासणी बाकी आहे?
तुम्ही कशाची वाट बघताय: वजनाची, जखमेची, नंबरची, की दिवसांची?
थांबल्याने काय बिघडू शकतं आणि घाई केल्याने काय?
कोणती खूण दिसली तर ठरलेल्या तारखेआधी यायचं?
आमचं गाव इतक्या तासांवर आहे, मग रात्री काय करायचं?

आपल्या दशसूत्रीत आरोग्य आहे, पण बैठकीत ते बरेचदा शेवटी येतं आणि तोवर बाया उठायला लागलेल्या असतात. या आठवड्याच्या बैठकीत ते पहिलं घ्या. आपल्या पाड्यावर, वाडीवर, कोळीवाड्यात असं बाळ कुणाच्या घरी आहे का, हे एकमेकींना हळूच विचारा. असेल तर वही घेऊन तिच्याकडे जा, आणि तिची पुढची तारीख कधी आहे ते विचारा.